माशीचा दोष

रविवार, ३ मार्च

हंगामाचा पहिला दिवस. हवा स्वच्छ, वारा नाही, हात स्थिर. निकाल असमाधानकारक, परंतु दोष माझा नाही, हे आरंभीच नोंदवून ठेवणे इष्ट.

तेरा गोळ्यांपैकी बहुतेक काळ्या वर्तुळाच्या खाली लागल्या. इतक्या सातत्याने खाली लागणे हे नेमबाजाच्या चुकीचे नव्हे, हत्याराच्या दोषाचे लक्षण होय. माझ्या अकरा रिव्हॉल्व्हरांपैकी ही सातवी, सर्वांत लाडकी. मूळ रचना अमेरिकेची, दीडशे वर्षांहून जुनी. नक्कल आमच्याच दरीतल्या कारखान्याची. नळीच्या टोकावर पितळेची माशी असते, जिच्यावरून नेम धरायचा. ती कारखान्याने प्रमाणापेक्षा उंच ठेवली आहे. माशी उंच असली की गोळी खाली जाते. घासून उतरवावी लागेल. इतकी वर्षे ही बाब माझ्या लक्षात कशी आली नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसरी बाब. क्लबच्या भिंतीवर देलियाने सूचना लावली आहे. देलिया आता आमच्या मैदानाची प्रमुख. एके काळी माझ्या लॅटिनच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे. आशय असा की, पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने २६ मेच्या स्पर्धेत शेजारी साक्षीदार ठेवून हत्यार भरावे व झाडावे. नियम सात काटेकोरपणे लागू होईल. नियम सात मीच लिहिलेला आहे, क्लब स्थापन झाला तेव्हा: ‘ज्याचे दोन बार लागोपाठ फुकट जातील, त्याने हत्यार खाली ठेवावे, पिवळ्या रेषेमागे जावे, आणि पुनर्परीक्षा होईपर्यंत तेथेच राहावे.’ यातला एक शब्द काढता येणार नाही, की घालता येणार नाही.

पिवळ्या रेषेमागे गेलेल्याच्या परवान्यासाठी क्लब शिफारस करीत नाही. माझा परवाना शरदात संपतो. परवाना गेला तर अकराही रिव्हॉल्व्हर भिंतीवरून उतरून घराबाहेर जातील. अर्थात हा प्रश्न माझ्यापुढे उद्भवत नाही. तो बोर्तोलोसारख्या वृद्ध सभासदांपुढे उद्भवतो. परवा तो आपलाच चष्मा शोधत बसला होता आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता.

देलियाच्या सूचनेतील चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या. शेवटी तिने दोन पूर्णविराम दिले होते. त्यांतला एक खोडताना पेन्सिलीचे टोक मोडले. हल्ली पेन्सिलीसुद्धा ठिसूळ येतात. राहू द्या ना प्रोफेसर, लोकांना कळतंय तेवढं, असे देलिया म्हणाली. लोकांना कळते हा शुद्धलेखनाचा निकष असता तर मी छत्तीस वर्षे काय केले?

संकल्प: माशी घासणे. रोज सकाळी हात ताणून उभे राहणे. फेर्मोच्या विनोदांना उत्तर न देणे.

बुधवार, ६ मार्च

माशी घासली. अतिशय थोडी, कानशीच्या मोजक्या फेऱ्यांत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काम करण्यास माझ्या पत्नीचा, नीवेसचा, आक्षेप होता. मक्याच्या पोलेंतात पितळ पडलं तर तूच खा, असे ती म्हणाली. खाल्ली. चवीत फरक जाणवला नाही.

रविवार, १० मार्च

आता गोळ्या खाली जात नाहीत. त्या सर्वत्र जातात.

फेर्मो नेमबाजीच्या शेजारच्या बाकावर होता. फेर्मो निवृत्त खाटीक; चाळीस वर्षांचा मित्र, आणि तितक्याच वर्षांचा उपद्रव. तो बंदुकीची दारू मापाने न घेता अंदाजाने ओततो, दारूवर दाबायचा रवा बायकोच्या डब्यातून उचलतो, हत्यार महिनोन्‌महिने साफ करीत नाही, आणि त्याच्या सर्व गोळ्या मात्र काळ्यात बसतात. निसर्गात न्याय नाही. माझा कागद पाहून तो म्हणाला की प्रोफेसर, एक छपराला, एक बटाट्याच्या शेताला, बाकीच्या कुठे गेल्या ते ब्रेशा शहराहून तार येईल तेव्हा कळेल. मी उत्तर दिले नाही. (संकल्प पाळला.)

कारण शोधले: टोप्या. मागच्या बाजूला बसवायच्या त्या तांब्याच्या टोप्यांचा नवा डबा निकृष्ट दर्जाचा आहे. ठिणगी उशिरा जाते, तोवर हात हलतो. नवा डबा आणणे.

मंगळवार, १९ मार्च

संत जुझेप्पेचा सण. नीवेसने गोड भजी तळली. खाऊन होताच तिने ब्रेशाच्या नेत्रतज्ज्ञाची वेळ घेतल्याचे सांगितले: ४ एप्रिल. मला न विचारता! मी शांतपणे निदर्शनास आणून दिले की आज सकाळीच मी लॅटिनची अख्खी पाने अडखळल्याशिवाय वाचली. त्यावर ती म्हणाली की ओत्ताव्यो, पुस्तक उलटं धरलं होतंस.

शक्य आहे. ती पाने मला पुस्तक न पाहताही येतात. मग डोळ्यांना दोष कसला?

हल्ली नीवेसने गाडीच्या किल्ल्या आपल्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली आहे. या वयात तिला गाडी चालवण्याची हौस यावी, हे कौतुकास्पद.

गुरुवार, ४ एप्रिल

नेत्रतज्ज्ञाला फोन करून वेळ पुढे ढकलली. सराव अधिक महत्त्वाचा.

(दुपारी पुढे.) लिहायला बसलो आहे, परंतु हात अजून स्थिर नाही. हे थंडीमुळे.

मैदानावर फक्त मी आणि फेर्मो. सिलिंडरची पाच घरे भरली: दारू, तिच्यावर रवा, त्यावर शिशाची गोळी, गोळीच्या तोंडावर चरबी, म्हणजे एका घराची आग शेजारच्या घरात शिरत नाही. क्रम हेच सर्वस्व. घोडा मागे ओढला, चाप दाबला. आवाज एकच झाला, परंतु नेहमीच्या दुप्पट रुंद. आणि डोळ्यांसमोर ज्वाळा एक नव्हे, दोन. शेजारचे घरही त्याच आगीने पेटले होते. समोरची गोळी समोर गेली. दुसरी नळीच्या बाहेरून गेली आणि दोन बाकांमधल्या लाकडी खांबात घुसली. खांबापलीकडे फेर्मो उभा होता.

फेर्मो बोलत नाही, ही गोष्ट मी पहिल्यांदा अनुभवली. त्याने सिलिंडर माझ्या हातातून काढून घेतले, एकेका घरावरून बोट फिरवले आणि ते बोट मला दाखवले. चरबी लावलीस असं म्हणतोस ना? हे घर कोरडं ठणठणीत, हेही कोरडं. मग चरबी गेली कुठे? बघ, टेबलाला लावलीस.

टेबलावर चरबीच्या दोन सुबक गोळ्या होत्या, हे मान्य करावे लागेल. तथापि, चरबी पातळ झालेली होती.

त्याने खिशातला चाकू काढला, खांबातली चपटी झालेली गोळी कोरून काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मग म्हणाला, स्पर्धेच्या आधी डोळे दाखवून ये. नाहीतर मी देलियाला सांगतो. दोस्ती आहे म्हणून आधी तुला सांगितलं. नाहीतर इथून थेट तिच्याच दारात गेलो असतो.

याला सभ्य भाषेत धमकी म्हणतात.

शुक्रवार, ५ एप्रिल

विचारांती स्पष्ट झाले. नदीपलीकडच्या गावाशी जूनमध्ये सांघिक सामना आहे. संघात तिघे असतात आणि तिसरी जागा अनेक वर्षे माझी आहे. फेर्मोला तिथे आपल्या मेहुण्याला घुसवायचे आहे. डोळ्यांचे निमित्त आहे.

रविवार, १४ एप्रिल

मैदानावर गेलो नाही. सर्दी. (सर्दी नाही, परंतु रोजनिशीत ही नोंद राहू द्यावी.)

सकाळी क्लबातून फोन आला. देलिया! मी रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो, तेव्हा नीवेसने विचारले की इतका घाम का आला आहे. फेर्मोने सांगितले असणार. मी मनातल्या मनात निवेदन तयार केले: हत्याराचा दोष, चरबीचे तापमान, साक्षीदाराचा हितसंबंध.

देलियाला एवढेच विचारायचे होते की स्पर्धेच्या जेवणाला सळईवर भाजलेले मांस किती माणसांसाठी सांगायचे, आणि निमंत्रणपत्रिकेवरून मी एकदा नजर फिरवीन का. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही ना, म्हणून, असे ती म्हणाली.

फेर्मोने सांगितलेले नाही. अजून.

रविवार, २८ एप्रिल

बारमध्ये पत्ते. फेर्मो समोरच्या टेबलावर. पत्ता टाकायची वेळ आली की तो खिशातली चपटी गोळी काढतो, टेबलावर गरकन फिरवतो आणि माझ्याकडे पाहतो. बोर्तोलोने विचारले की हे काय नवीन, दात पडला का? फेर्मो म्हणाला, एका मित्राची वस्तू आहे, तो घ्यायला येत नाही.

मी डाव हरलो. एक्का माझ्या हातात होता. तो मला तिर्री वाटला, कारण त्या बारमधला दिवा निकामी आहे.

माशी आणखी थोडी घासली.

शनिवार, ४ मे

माशी आणखी थोडी घासली. आता ती दिसण्यापेक्षा बोटाला अधिक जाणवते. उत्तम: जितकी लहान माशी, तितका सूक्ष्म नेम.

रविवार, १२ मे

महत्त्वाची सुधारणा. स्पर्धेत दारूचा डबा बाकावर नेता येत नाही. प्रत्येक बाराची दारू आणि रवा घरूनच छोट्या नळकांड्यांत भरून न्यावा लागतो. सर्वजण प्लॅस्टिकची पारदर्शक नळकांडी वापरतात. औषधाच्या दुकानातल्यासारखी. ज्या हत्याराचा काळ ठरलेला आहे, त्याच्या शेजारी प्लॅस्टिक ठेवणे म्हणजे शिलालेखात विजेचा दिवा बसवणे. मी पितळेची नळकांडी करवून घेतली. एक खाच असेल ते दारूचे, दोन खाचा असतील ते रव्याचे. बोटाने चाचपले की कळते. पाहण्याची गरजच नाही. ही रचना पूर्णतः माझी.

नीवेसला दाखवली. सुंदर आहेत, असे ती म्हणाली. आणि मग, आत काय आहे ते दिसत कसं नाही रे? पितळ आहे, मी सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. पाहत असावी.

शनिवार, १८ मे

अपमान! साक्षीदारांची यादी लागली. माझ्याशेजारी फेर्मो. देलियाने नेमलेला नाही. त्याने स्वतःहून ही जागा मागून घेतली आहे. बोर्तोलो म्हणाला की चांगलं झालं, मित्रच बरा. त्याला मित्र या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही.

फेर्मो मला दारात गाठून म्हणाला, डॉक्टरकडे गेलास? मी म्हणालो की माझी प्रकृती उत्तम आहे. तो म्हणाला, मी प्रकृती नाही विचारली रे बाबा, डोळे विचारले. मी म्हणालो की तू तुझे काम कर. तो म्हणाला, तेच तर करणार आहे.

म्हणजे काय? दोन बार फुकट जाताच तो हात वर करणार आणि चपटी गोळी देलियाच्या हातावर ठेवणार. आठवडाभर नीट झोप नाही. हा प्रसंग मला सारखा दिसतो आहे. अत्यंत स्वच्छ दिसतो आहे, यावरून डोळ्यांबद्दलच्या शंका किती निराधार आहेत ते सिद्ध होते.

शनिवार, २५ मे

सायंकाळी नळकांडी भरली. या कामात माझा एक दंडक आहे: भरताना बोलायचे नाही, ऐकायचे नाही, उठायचे नाही. एका वेळी एकच डबा टेबलावर; तो संपवून कपाटात, मग दुसरा. आधी रवा, मग दारू.

रव्याची रांग पूर्ण झाली आणि फोन वाजला. नीवेस गायनवृंदाच्या तालमीला गेलेली. वाजू दिला. पुन्हा वाजला. उठावे लागले. फेर्मो. काही नाही, म्हणाला, उद्या कॉफी पिऊन येऊ नकोस, हात हलतो. आणि ऐक ना... मग काहीच नाही, नुसता श्वास. उद्या भेटू, असे म्हणून त्याने ठेवला.

शत्रूने धीर खचवण्यासाठी असा फोन करावा, हे अपेक्षित होते. मी खचलो नाही. परत येऊन बसलो आणि पुढची रांग भरली. हातांना सर्व ठाऊक आहे. नळकांडी पेटीत मांडली: एक खाच डावीकडे, दोन खाचा उजवीकडे. कपाटाला कुलूप लावले. असे निर्दोष काम अनेक वर्षांत झाले नव्हते.

उद्या तेरा बार, आणि हा विषय कायमचा संपेल.

रविवार, २६ मे. दुपारचे चार.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

चाळीसेक लोक. सळईवरचे मांस पहाटेपासून फिरत होते. त्याचा वास थेट बाकापर्यंत. देलियाने शिटी वाजवली. फेर्मो माझ्या उजव्या खांद्याशी, इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू येत होता. तो जलद चालला होता. माझाही, पण मी ते दिसू दिले नाही.

पहिले नळकांडे उघडले. एक खाच. पहिल्या घरात ओतले. फेर्मोच्या घशातून एक विचित्र आवाज आला, गिळल्यासारखा. मी थांबलो नाही. दुसरे नळकांडे, दोन खाचा. ओतले. गोळी ठेवली, दांडा दाबला, गोळीभोवतीची शिशाची बारीक कडी कापली गेली: अचूक. तेवढ्यात फेर्मोने खुर्ची ओढली आणि चक्क बसला. पिशवीतून थर्मास काढला, कॉफी ओतली, पाय लांब केले. मी माझ्या आयुष्याची परीक्षा देत असताना हा इसम कॉफी पीत होता! तिरस्काराची ही कमाल होती, आणि तिच्यामुळे माझा हात उलट अधिक स्थिर झाला.

पाचही घरे भरली. चरबी लावली, यावेळी प्रत्येक घर बोटाने तपासले. टोप्या बसवल्या. उभा राहिलो. हात ताणला. माशी दिसली नाही, परंतु ती कुठे असायला हवी ते मला माहीत होते.

चाप दाबला.

फट्‌. एवढेच. टोपी फुटली, बार झाला नाही.

अशा वेळी नळी समोर ठेवून निश्चल उभे राहायचे असते, कारण आग आत दबा धरून असू शकते आणि कोणत्याही क्षणी जागी होऊ शकते. सगळे बाक थांबले. मांस फिरवणाऱ्यानेही सळई थांबवली असावी, कारण तिची कुरकुर बंद झाली. हात जड होत गेला, खांद्यातून कळ आली. ती आग जागी झाली नाही.

देलिया म्हणाली, पुढचा, प्रोफेसर. तिचा आवाज अगदी हळू होता. एके काळी मी तिला तोंडी परीक्षेत असाच पुढचा प्रश्न विचारीत असे.

टोपी ओलसर असणार. घोडा ओढला. अकरा रिव्हॉल्व्हर, एक भिंत, एक परवाना. चाप.

फट्‌.

पुन्हा ती प्रतीक्षा. मग लाल झेंडा वर गेला. देलिया माझ्याजवळ आली आणि तिने नियम सात म्हणून दाखवला. पाठ. एकही शब्द न गाळता, योग्य ठिकाणी थांबत. तिसऱ्या बाकावरून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीला एवढे पाठ असेल, असे मला कधी वाटले नव्हते. मी हत्यार खाली ठेवले.

न उडालेली घरे रिकामी करण्यासाठी क्लबात गॅसचे एक यंत्र आहे. मागून दाब दिला की गोळी पुढे निघते. देलियाने सिलिंडर त्यावर चढवले. पहिली गोळी टपकन पडली, आणि तिच्यामागून पांढरा फवारा उडाला. दुसरी, पुन्हा पांढरा फवारा. पाचव्यानंतर टेबलावर छोटीशी पांढरी टेकडी झाली. त्यात काळा कण शोधूनही सापडला नसता.

रवा. दारूच्या जागी रवा, आणि रव्याच्या जागी रवा.

बोर्तोलो मागून ओरडला की प्रोफेसर, थांबा, कोंबडीचा रस्सा घेऊन येतो, रव्याचं सूप होईल सगळ्यांना! हशा पिकला. फेर्मो हसला नाही. गप रे, असे तो बोर्तोलोला म्हणाला, आणि त्याने मला दंडाला धरून पिवळ्या रेषेपलीकडे नेले. त्याने देलियाला काहीही सांगितले नाही. खिशात हात घातला, पण रुमालासाठी.

भाजलेले मांस मी खाल्ले नाही. ते करपले होते, असे ऐकले.

सोमवार, २७ मे

रात्रभर विचार केला आणि उलगडा झाला. घातपात. नीवेसने मी झोपल्यावर दारूची नळकांडी रिकामी करून त्यांत रवा भरला. हेतू स्पष्ट आहे: मार्चपासून ती नेत्रतज्ज्ञाच्या मागे लागली आहे.

न्याहारीच्या वेळी तिला हे संयत शब्दांत सांगितले. ती रागावली नाही. उठली, माझ्या गळ्यातली किल्ली काढून घेतली, कपाट उघडले आणि दारूचा नवा डबा माझ्या हातात दिला. झाकणावर बोट फिरव, म्हणाली. फिरवले. सील जसेच्या तसे होते; शनिवारी तो उघडलाच गेला नव्हता.

ती म्हणाली, तुझ्या काळ्या कपाटाला मी हात लावत नाही, ओत्ताव्यो. माझा रव्याचा डबा मात्र तू संपवलास. काल तुझ्यासाठी सूप करायला घेतला तर तळाला चार दाणे.

फोन. त्या फोनमुळे. फोन आला नसता तर मी रव्याचा डबा उचलून कपाटात ठेवला असता. म्हणजे मूळ दोष फेर्मोचा.

मंगळवार, २८ मे

फेर्मो आला. बसला. त्याला दोष दिला: फोन का केलास? तो म्हणाला, सांगणार होतो की उद्या येऊ नकोस. मग तुझा आवाज ऐकला आणि जीभ रेटली नाही.

मी विचारले, मग देलियाला का नाही सांगितलेस? तो म्हणाला, रोज सकाळी ठरवायचो. संध्याकाळी वाटायचं, उद्या स्वतः जाईल डॉक्टरकडे. म्हणून तर साक्षीदार झालो. म्हटलं, काही झालं तर हात धरायला मी शेजारी हवा. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. पुन्हा दोन घरं पेटली तर? यावेळी खांब नव्हता मध्ये.

मग कॉफी? मी विचारले. माझ्या परीक्षेत कॉफी?

फेर्मो हसला. अरे, तू पहिलंच नळकांडं ओतलंस आणि मी बघितलं, पांढरं! मग दुसरंही पांढरं. पाचही घरांत नुसता रवा. म्हटलं, देवा, आज या मैदानावरचं सगळ्यांत निरुपद्रवी हत्यार प्रोफेसरच्या हातात आहे. खुर्ची ओढली आणि बसलोच. सकाळपासून कॉफी घशाखाली उतरली नव्हती, ती तेव्हा उतरली.

म्हणजे तू पाहत होतास, आणि मला सांगितले नाहीस?

सांगितलं असतं तर तू खरी दारू भरली असतीस, असे तो म्हणाला.

त्याने खिशातून ती चपटी गोळी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, तुझी आहे, घे. तो गेल्यावर मी ती हातात घेतली. एका बाजूला खांबाच्या लाकडाचा तंतू अजून चिकटलेला आहे. बोटाला जाणवतो.

नीवेसच्या समाधानासाठी, आणि केवळ त्यासाठी, नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास संमती दिली.

रविवार, १४ जुलै

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू जुना होता; इतके दिवस चालवून कसं घेतलंत? मी म्हणालो की मला त्रास नव्हता. नीवेस म्हणाली, त्याला नव्हता.

आज मैदानावर गेलो, म्हणजे पिवळ्या रेषेमागच्या बाकावर. प्रकाश अतिशय तीव्र आहे आणि सर्व वस्तूंना कडा आहेत. नदीपलीकडच्यांशी सामना आम्ही जिंकल्याचे कळले. तिसऱ्या जागेवर बोर्तोलो होता. फेर्मोला मेहुणा नाही. चाळीस वर्षांत हे मी विचारले नव्हते.

देलियाची मार्चमधली सूचना अजून भिंतीवर आहे. तिच्यात मी दुरुस्त केलेल्या चुका शोधल्या. लाल पेन्सिलीच्या रेघा सापडल्या. त्यांच्याखालची अक्षरे शुद्ध होती. शेवटचा खोडलेला पूर्णविराम म्हणजे कागदाची खालची कड ज्याने ठोकली आहे त्या खिळ्याचे डोके. पेन्सिलीचे मोडलेले टोक अजून त्याच्या कडेला अडकलेले आहे.

सातवी रिव्हॉल्व्हर कारखान्यात दुरुस्तीला दिली. तिथल्या माणसाने नळीचे टोक उजेडात धरून विचारले की माशी कुठे आहे? मी म्हणालो की ती उंच होती. त्याने साच्यातली मूळ माशी शेजारी ठेवून मापली, आणि नम्रपणे सांगितले की नाही हो, बरोबर होती.

पुनर्परीक्षा सप्टेंबरात. साक्षीदार म्हणून पुन्हा फेर्मोचेच नाव दिले. दुसऱ्या कोणाला माझी पद्धत ठाऊक नाही. त्याने आज एक भेट दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली: नळकांडी. प्लॅस्टिकची, स्वस्त, औषधाच्या दुकानातल्यासारखी. अत्यंत कुरूप.

आतले सर्व काही दिसते.